चंपाचा तंग

मी चौथी नापास. भुताखेताच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत आणि मी कुणाला सांगत नाही. सोळा वर्षं फौजेत घोडे सांभाळले, रात्री-बेरात्री तबेल्यात झोपलो, भूत काही दिसलं नाही. तरीही हे लिहितोय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

साल एकसष्ट-बासष्टचं. फौजेतून सुटल्यावर सातारला न जाता मी जयपुरातच राहिलो. सिव्हिल लाइन्सच्या मागे एका ठाकूरसाहेबांचे आठ घोडे होते, ते माझ्या हाताखाली. त्यातल्या चंपा नावाच्या घोडीवर माझी मुलगी शालन बसायला शिकली. मीच शिकवली. ती कॉलेजला पुण्याला मावशीकडे निघाली, तेव्हा मी बजावलं, ‘‘शिकायला चाललीस. तिकडे घोड्याचं नाव काढायचं नाही.’’ परक्या तबेल्यात खोगीर कोण कसं चढवतो, काय भरवसा?

शालन स्टेशनवर म्हणाली, ‘‘आबा, घोडे काय फक्त जयपुरातच जन्माला येतात?’’

‘‘मग मला पत्र नको,’’ मी म्हटलं.

पत्रं आली. तिची आई वाचून दाखवायची. पोरीनं तिकडे घोडेस्वारीत नाव घातलं होतं. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. मग एक पत्र आलं – ‘रविवारी चार वाजता उड्यांची स्पर्धा आहे. मतलब, तुम्ही नको म्हणालात तरी बसणारच. पण एकदा बस म्हणा ना आबा.’

‘‘अहो, पोरगी परवानगी मागतेय, राज्य नाही मागत!’’ तिची आई म्हणाली.

मी उठून तबेल्यात गेलो.

त्या रविवारी दुपारी मी चंपाला फिरवून आणली. लिंबाखाली उतरलो. तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा. घोडा धावून आला की तो दोन भोकं सैल करायचा, जनावराला दम घेऊ द्यायचा. ही आमची रीतच. मी सैल केला. चार वाजत आलेले मला ठाऊक होते... आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘एकदा पडली की येईल वठणीवर.’’

चंपानं कान मागे टाकले. पाय आपटायला लागली. मान वळवून माझी बाही दातात धरली आणि मला आपल्या पोटाकडे ओढलं. मी बाही सोडवली, तिनं पुन्हा धरली. पोटाखाली माशी बघितली, जखम बघितली, काही नाही. शेवटी वैतागून तंग होता तसा आवळला, टोक आतून उलटं खोचलं. ही माझ्या उस्तादांची पद्धत, शालनलाही तीच शिकवलेली. घोडी तिथल्या तिथे शांत. मोठ्ठा श्वास सोडला आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

हीच चंपा, तंग आवळताना रोज पोट फुगवून मला फसवायची. घोडा कधी तंग आवळून मागत नाही हो! उभ्या जन्मात नाही पाहिलं.

पाचव्या दिवशी पत्र आलं. तिची आई वाचत होती, मी दारात उभा होतो, ऐकत नसल्यासारखा.

‘आबा, दुसऱ्या उडीच्या आधी खोगीर एकदम डावीकडे फिरलं. मी गेलेच होते. तेवढ्यात कुणीतरी खालून आवळावं तसं ते जागेवर आलं, आणि उडी पार झाली. उतरून पाहते तर तंगाचं टोक आतून उलटं खोचलेलं. मी त्या दिवशी तसं खोचलं नव्हतं. तुमच्यावर रागावले होते, म्हणून मुद्दाम साधंच ठेवलं होतं.’

तिच्या आईनं पत्राची घडी केली आणि ते देवापुढे ठेवलं. मी तबेल्यात गेलो. चंपा वैरण खात होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घोड्यानं पोट फुगवलेलं असलं तर पुढे तंग सैल पडतो, हे मलाही कळतं. पण शालननं दोनदा तपासला होता, शपथेवर सांगते. आणि सैल पडलेला तंग धावत्या घोड्यावर आपोआप आवळला जात नाही. टोक तर मुळीच कुणी खोचत नाही.

मी स्वतः पोस्टकार्ड आणलं. आयुष्यातलं स्वतःच्या हातानं लिहिलेलं पहिलं पत्र. वाकड्या अक्षरात एवढंच – ‘बसत जा. तंग तीनदा बघ.’

शालनला आता नातवंडं आहेत. अजून विचारते, ‘‘आबा, त्या दिवशी चार वाजता तुम्ही काय करत होता?’’ मी सांगतो, चंपाचा तंग आवळत होतो. तिचे डोळे भरून येतात, घरात माझा मान वाढतो.

त्याआधी तो मी सैल केला होता, आणि करताना काय बोललो होतो, हे तिला आजवर सांगितलेलं नाही. आवळणारा हात माझा म्हणायचा, तर सैल करणारा कुणाचा? इतकी वर्षं विचार करतोय... चंपाला ठाऊक असेल. ती गेली त्याच वर्षी.