खरादीवरची भांडी आणि माझा डोळा

खरादीखाली लाकडाचा भुसा साचतो तसे आमच्या शेडात किस्से साचतात. भुसा निदान चुलीत तरी जातो. किस्से कुठं घालावे? मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नव्हे. पण दुसरे कोणी सांगतात तेव्हा त्यात एवढा मसाला टाकतात की माझा किस्सा मलाच ओळखू येत नाही. म्हणून मीच लिहून राहिलो.

आधी धंदा सांगतो. गोंदियाजवळच्या कुडव्यात घराला लागून टिनाचं शेड आहे, त्यात लाकूड कातायची, मोटरवर चालणारी एक खराद. फर्निचरवाले सागाचे, शिवणीचे तुकडे फेकतात. ते मी उचलून आणतो आणि त्याची बारकी भांडी काढतो. पोरींच्या भातुकलीला, लग्नाच्या रुखवताला. टीचभर हंडा, बोटभर मुसळ, अंगठ्याएवढा गुंड. गुंड म्हणजे पाणी भरायचा, पुण्याकडच्यांनी घाबरू नये!

हे किस्से माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता तेव्हाचे. घरच्यांचं एकच चाललं होतं, 'दिसत नाही, एक दिवस बोटं जातील, मशीन भंगारात द्या.' आणि माझंही एकच. मशीन गेली तर मी दिवसभर ओसरीत बसून करू काय? माशा मारायलाही डोळे लागतात!

*

देवाजी कामठ्याचा. शेती पोरांच्या हवाली केली तेव्हापासून रोज माझ्या शेडात येऊन बसतो. काम काही करत नाही, सल्ला मात्र देतो. त्याचा मुलगा गाडीवर आणून सोडतो आणि संध्याकाळी घेऊन जातो.

एका दुपारी देवाजीने काठी लाकडाच्या ढिगाला टेकवली आणि खुर्चीत घोरायला लागला. मी ढिगातून एक झकास तुकडा ओढला. त्याला पितळेची कडी होती, ती उपटून बाजूला ठेवली. भंगारात पितळ सापडलं म्हणून खुशही झालो! तुकडे कापले, तीन इवले हंडे काढले. फिरत्या हंड्यावर लाखेची लाल कांडी टेकवली. घासून घासून लाख वितळते आणि रंग बसतो. असा रंग चढला की विचारू नका.

देवाजी उठला. "माही काठी कुठी गेली गा?"

"कशी होती?"

"शिवणीची. मुठीजवळ पितळेची कडी होती ना!"

मी तिन्ही हंडे त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने एक उचलला, उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला.

"पालिश बेस आली गा. पण आता घरी जाताना मी याले टेकू काय?"

*

माझा मुलगा सकाळी म्हणाला होता, "बाबा, या महिन्यात मशीन विकून टाकू."

ते डोक्यात घोळत होतं. संध्याकाळी पाहतो तर शेडाच्या दारात गडी उभा. मी सुरूच झालो. "तुझं लग्न याच मशीनवर झालं! तुझी मोटरसायकल याच मशीनची! आणि आता हीच तुले जड झाली काय?" चांगलं अर्धा तास झापलं. तो मान खाली घालून गुमान ऐकून राहिला. मला वाटलं, पोरगं सुधारलं.

तेवढ्यात सून दिवा लावायला आली. "मामाजी, रेनकोटसोबत कायले बोलता?"

देवाजी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. म्हणाला, "पोरगं उलटून बोललं नाही, तवाच समजाले पाहिजे होतं तुले!"

*

शेवटी मुलाने भंगारवाल्याला आणलंच. तो खरादीला ठोकून पाहून राहिला, आणि मी त्याला शिव्या देऊन राहिलो. तेवढ्यात आमची बुढी, म्हणजे माझी बायको, बाहेर आली. मशीन विका म्हणून रोज कटकट करणारी हीच!

ती भंगारवाल्याला म्हणाली, "मशीन नेतेस तर बुढ्यालेबी घेऊन जा. दिवसभर घरात याले कोण सांभाळल?"

भंगारवाल्याने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "माई, बुढ़े का रेट अभी खुला नहीं है!"

तो रिकामा गेला. रात्री जेवताना सौदा ठरला. मी उजवा डोळा बनवून, म्हणजे मोतीबिंदू काढून यायचं. डॉक्टरने 'काम करा' म्हटलं तर मशीन राहील. 'नाही' म्हटलं तर जाईल, आणि मी तोंड उघडायचं नाही.

*

गोंदियाच्या दवाखान्यात पट्टी उघडली तेव्हा समोर बुढी उभी होती. लख्ख दिसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "काऊन वो, एवढी पांढरी केव्हा झालीस?"

ती डॉक्टरीणबाईला म्हणाली, "बाई, यायले आरसा द्या!"

बाई हसली. मग माझा डोळा तपासला. पुन्हा तपासला. माझा जीव टांगणीला! मग म्हणाली, "दीड महिना धूळ नको. त्यानंतर खुशाल मशीन चालवा."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवरची पाटी दोनदा वाचली.

"काय झालं जी?" बुढी म्हणाली.

"भूक लागली," मी म्हटलं. तिने आलूबोंडा आणून दिला.

*

दीड महिन्याने शेडात गेलो आणि आधी फळीवरचा जुना माल पाहिला. अरे देवा! बाहेरून कातून झाल्यावर तोंड कोरायला भांडं उलटं बांधावं लागतं, तेव्हा मध्य नजरेनं धरायचा असतो. माझा तो मध्य कुठच्या कुठं गेला होता. हंड्याचं तोंड एका कडेला, गुंडाची मान मुरगळलेली. एकही धड बसेना! हा माल मी विकला? लोकांनी घेतला?

रागाने नवा सेट काढला. सुतासारखा सरळ. गोंदियाच्या बाजारात माझा माल ठेवणाऱ्या दुकानदाराकडे छाती काढून गेलो.

त्याने हंडा फिरवला, नाक मुरडलं. "चाचा, ये तो फैक्टरी का माल है."

"माझ्या हातचा आहे!"

"पहले हाथ का लगता था. टेढ़ा रहता था ना! कस्टमर वही माँगता है. वैसाच बनाओ."

घरी येऊन वाकडं भांडं काढून पाहिलं. जमेना! हात आपोआप सरळ जातो. देवाजीला विचारलं तर त्याच्याजवळही सल्ला नव्हता, हे पहिल्यांदाच घडलं. मी डोक्याला हात लावून बसलो.

बुढी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डावा डोरा अजून बनवला नाही ना? मंग उजवा झाका, अन् बसा मशीनवर!"