आमची एका दिवसाची गरिबी

आमच्या घरातली गरिबी जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा ती एका रविवारपुरती परत आणायचं काम माझ्या अंगावर आलं.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा पुसेगावपासून जवळच. वडील लवकर गेले. आमच्या याडीनं (आमच्यात आईला याडी म्हणतात) साखर कारखान्यांवर ऊस तोडून मला डी.एड. केलं. मी मास्तर झालो आणि घरात एकेक वस्तू येत गेली. आधी स्लॅब पडला, मग सोफा, मग रंगीत टीव्ही आणि सगळ्यात शेवटी लाल फ्रिज. तांड्यातला पहिला फ्रिज! आल्यागेल्याला याडी पाण्याच्या आधी फ्रिज दाखवायची. दार उघडल्यावर आतला दिवा लागला की तिच्या चेहऱ्यावर दुसरा दिवा लागायचा.

त्या वर्षी निवडणूक होती. पुसेगावचे बबनराव म्हणजे बागायतदार आणि साहेबांच्या, म्हणजे उमेदवाराच्या, पक्षाचे कार्यकर्ते. एका संध्याकाळी ते बुलेट फटफटवत दारात आले.

"मास्तर, रविवारी साहेब तुमच्या तांड्यावर येऊन राहिले. गरिबाच्या घरी जेवणार. तुमचं घर ठरवलंय!"

माझी छाती फुगली. तरी नम्रपणे विचारलं, "आमचंच काहून?"

"तुमच्याकडं संडास हाय न! साहेबाला तकलीफ नको."

छाती थोडी खाली आली, पण मी हो म्हणालो. एक तर आमच्या तांड्याला डांबरी रस्ता पाहिजे होता. आणि दुसरं म्हणजे (हे मी कुणाला सांगितलं नव्हतं) साहेबांनी चारचौघांत 'काय मास्तर!' म्हणून माझ्या पाठीवर थाप मारावी, अशी माझी फार इच्छा होती.

शनिवारी बबनराव पाहणीला आले आणि उंबऱ्यातच कपाळाला हात लावून उभे राहिले.

"मास्तर, ह्ये काय? सोफा? फ्रिज? ह्ये गरिबाचं घर हाय व्हय?"

"न्हाई, मास्तराचं हाय."

"अहो, मग पेपरात काय छापायचं? 'साहेब मास्तराकडं जेवले'? त्याच्यात काय बातमी हाय? सगळं सामान हलवा!"

मी याडीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला. "इतकी वर्षं गरिबी झाकता झाकता माझा पदर फाटला," ती म्हणाली, "अन् तू ती अंगणात मांडून ठेवायला निघालास?" (हे ती आमच्या गोरबोलीत म्हणाली. मराठीत त्याची निम्मी धार जाते.)

"याडी, एका दिवसाचा तर सवाल हाय. रस्ता होईल."

तिनं पुढची भाकरी इतकी जोरात थापली, की परातीनं माझ्या वतीनं माफी मागितली असावी.

शेजारी देवसिंगकाकांचं मातीचं घर. सोफा, टीव्ही, फ्रिज, खुर्च्या, सगळं तिकडं गेलं. काका म्हणाले, "ठेव की, घर तुमचंच हाय." आणि सोफा खाली टेकताच त्यावर असे बसले, की जेवायलाही उठले नाहीत.

रविवारी सकाळी बबनराव गरिबीचं सामान घेऊन हजर! त्यांच्या सालगड्याची फाटकी वाकळ, काळं पडलेलं गाडगं, एक मोडकी बाज. तालुक्यातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाकडं इतकी छान गरिबी निघेल, असं वाटलं नव्हतं. सगळं मांडून झाल्यावर त्यांची नजर माझ्यावर आली.

"मास्तर, इस्त्रीचा शर्ट काढा. फाटकं बनियन हाय का?"

"हाय." (ते मात्र आमचं स्वतःचं होतं.)

"चष्मा बी काढा. गरिबाला चष्मा शोभत न्हाई."

चष्मा काढला आणि माझ्यापुरता तांडा धुक्यात बुडाला. बबनराव तेवढ्यात पुसेगावात साहेबांच्या गाड्यांना सामोरे गेले. जाताना हार माझ्या हातात देऊन गेले. "साहेब उतरले की पहिलं तुमीच घाला."

धुरळा उडवत एक पांढरी गाडी आली. तिच्यातून पांढऱ्या कपड्यांतली एक भरगच्च आकृती उतरली. मी धावत गेलो, हार घातला आणि वाकून पाय धरले.

"अहो पाव्हणं," आकृती दचकून म्हणाली, "अजून पसंती बी न्हाई झाली!"

तो आवाज ऐकून माझ्या अंगातलं बनियनसुद्धा गार पडलं. ते डोंगरकड्याकडचे जाधव होते! माझ्या बहिणीला, सुनीताला, त्यांच्या मुलासाठी बघायला पुढच्या महिन्यात येतो, असं ते मला बाजारात भेटून सांगून गेले होते. पण 'मास्तराकडं साहेब जेवायला येणार' हे त्यांच्या कानावर गेलं आणि एवढ्या वजनदार घराची सोयरीक हातची जायला नको म्हणून ते नवराबायको आजच निघाले.

जाधवबाई घरात शिरल्या. वाकळ बघितली. गाडगं बघितलं. मोडक्या बाजेवर बसायला गेल्या आणि बाज करकरली तशा उठल्या. मग माझ्या बनियनाच्या भोकांकडं निरखून बघत म्हणाल्या, "मास्तर न तुमी? फ्रिज हाय म्हणला होता. कुठंय?"

"शेजारी हाय," मी खरं तेच सांगितलं.

"शेजाऱ्याचा फ्रिज दाखवून सोयरीक जमवून राहिलात व्हय?"

आतल्या दारात सुनीता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे तसाच परत आत नेला. मी सोफ्यापासून सांगायला सुरुवात केली. इतक्यात बाहेर हॉर्न वाजले. आता खरंच साहेब आले होते.

हार तर जाधवांच्या गळ्यात! मी नुसतेच हात जोडले. (हात साहेबांकडं जोडले की त्यांच्या ड्रायव्हरकडं, हे आजही नक्की सांगता येत नाही.) साहेब आत आले. पंगत मांडलेली. ते खाली बसायला गेले आणि अर्ध्यात अडकले.

"बबन, गुडघा! खुर्ची आण!"

बबनराव माझ्याकडं बघायला लागले. मी बबनरावांकडं. घरात खुर्ची कुठली? साहेब अर्धे वाकलेले, फोटोवाला कॅमेरा रोखून उभा, आणि अशा वेळी शेजारच्या दारातून देवसिंगकाकांचा खणखणीत आवाज आला.

"साहेब, हिकडं या! सोफा हाय! थंड पाणी बी हाय!"

साहेब जे निघाले! मागून बबनराव, फोटोवाला, जाधव हारासकट, आणि अख्खा तांडा. आमचं ताट आमच्याच सोफ्यापुढं गेलं. साहेब येणार म्हणून लाईटसुद्धा त्या दिवशी गेली नव्हती. आमच्या फ्रिजमधलं पाणी पिऊन साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. माझी थाप!

"बघ बबन," साहेब म्हणाले, "मातीचं घर, पण माणसानं कष्टानं कसं सजवलंय!"

काका लाजून हसले. तेवढ्यात गर्दी फुटली आणि याडी पुढं आली. हात पिठाचे, पदर खोचलेला.

"साहेब, त्यो सोफा माझा हाय. फ्रिज माझा हाय. टीव्ही बी माझाच. माझ्या लेकाच्या पगाराचं हाय सगळं. आमी गरीब न्हाई!"

"मावशी, गप बसा," बबनराव कुजबुजले.

"काहून गप बसू? थंडीत पाचटावर लेकरं निजवून ऊस तोडत होते, तवा कोणी फोटो काढायला आलं न्हाई. आता कुठं दारात चांगलं दिसायला लागलं, तर म्हणता झाका!"

साहेबांचा घास हातातच राहिला. कुणी हसेना. मी चष्मा शोधत होतो, पण डोळे पुसायचं काम चष्म्याशिवायही होतं.

मग जाधवबाईंनी विचारलं, "फ्रिज तुमचा कशावरून?"

"उघडा," याडी म्हणाली. "खालच्या खणात हिरवी साडी हाय, नारंगी काठाची. सुनीताच्या लग्नाला घेतलेली. एरवी लाईट टिकत न्हाई, म्हणून मी कपाटासारखा वापरते. उंदीर लागत न्हाईत."

जाधवबाईंनी दार उघडलं. दिवा लागला. कोथिंबिरीच्या जुडीखाली पिशवीत खरंच साडी! त्यांनी ती बाहेर काढली, गालाला लावली आणि एकदम खुदकन हसल्या. "अगं बाई, गार हाय की!"

मग वळून सुनीताला म्हणाल्या, "ह्याच साडीत येशील न आमच्याकडं? पर आधी उन्हात टाक, न्हाईतर अक्षता पडायच्या आधी सर्दी व्हायची."

आता सगळा तांडा हसला. साहेबही हसले (निवडणूक होती, हसावंच लागतं). पण नंतर ते गुडघा धरून हळूच उठले आणि म्हणाले, "मावशी, तुमी बसा." याडी आजवर त्या सोफ्यावर कधी बसली नव्हती. मळेल म्हणून ती खालीच बसायची आणि पाठ तेवढी टेकायची. त्या दिवशी ती अगदी कडेला बसली, पिठाचे हात वर धरून, आणि साहेब तिच्यासमोर उभे राहिले. तिथं उभ्यानंच त्यांनी भाकरी संपवली, बाजूला मी हात जोडून उभा, आणि फोटोवाल्यानं फोटो काढला. साहेब पुढं निवडून आले की पडले, हे आमच्या घरात कुणाला फारसं आठवत नाही.

रस्ता? रस्ता अजून येऊन राहिलाय.

फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी आला. पेपरवाल्यांना सोफ्यावरच्या याडीचं काय करावं कळलं नसणार. त्यांनी तिला, काकांना, साहेबांना, सगळ्यांना कापून फक्त मला छापलं: फाटकं बनियन, मिचमिचे डोळे, जोडलेले हात. खाली ठसठशीत अक्षरांत, 'तांड्यावरील एक गरीब लाभार्थी.' कसला लाभ, ते लिहिलं नव्हतं.

सुनीताचं लग्न थाटात झालं. पंगतीत जाधवांकडची एक म्हातारी आजी बुंदीची बादली घेऊन माझ्यासमोर थांबली. मी सुटात होतो, चष्मा घातला होता, तरी तिनं ओळखलं.

"पेपरात तूच व्हतास न रं?" तिचे डोळे पाणावले. "खा लेकरा, पोटभर खा. लाजू नको."

मी तिला सांगणार होतो, की आजी, मी नवरीचा भाऊ. जिल्हा परिषदेत कायम नोकरीला आहे. हे जेवण मीच देतोय. पण बुंदी खरंच चांगली झाली होती. म्हणून मी डोळे जरा मिचमिचे केले आणि पत्रावळ पुढं सरकवली.