वाया जाणारा वारा
खळ्यावर भात उफणताना धुरळा नाकात गेला की मला राजस्थानातली वाळूची टेकडी आठवते. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या दहिवली गावातली काही शेतकरी घरं यात्रेच्या बसनं तिकडं गेली होती. वाळू संध्याकाळची गार, पिठासारखी मऊ. आम्ही पोरं घसरत होतो. आई मात्र माथ्यावर उभी. तिनं ओंजळभर वाळू घेतली, सूप धरावं तसे हात उंच केले आणि हळूहळू सोडली. वाळू लांबवर उडाली. "आपण दुपारभर वाऱ्याची वाट बघतो," ती बाबांना म्हणाली, "आन् हितं येवढा नुसता वाया चाललाय." बाबा म्हणाले, "मग बांधून घे पदरात." फडफडणारा पदर सावरत ती किती वेळ हसत राहिली. आता खळ्यावर पंखा असतो. वीज गेली की बायको सूप उचलते, पान हलत नाही, आणि मी उगाच उत्तरेकडं बघतो.