गिरणी चालू आहे तोवर

"दात आवळून काय उभी राहिलीस? उघड तोंड! गिरणी चालू आहे तोवर काय बोंबलायचं ते बोंबल. तुझ्या नावानं बिल नाही येत!"

पिठाच्या गिरणीवाली मावशी आठ वर्षांच्या पोरीला सांगत होती. घरात भाऊ जन्मला तशी पोरगी मुकी झाली होती. बोलायची नाही, चावायची. बाळाला दोनदा चावून झालं होतं. आईनं पाठ सडकली, तर तिसऱ्यांदा चावली, ती आईलाच.

मावशीला पुस्तकी अक्कल शून्य. अंगभर पीठ, शिंकली की ढग उठायचा. पण नवरा मेला तेव्हा याच घरघरीत ती पंधरा दिवस गळा काढून रडली होती. गिऱ्हाइकांना वाटलं, डोळ्यांत पीठ गेलं. तेव्हापासून गल्लीतल्या पोरांना तिचा कायदा: आधी ओरडायचं, मग पाणी प्यायचं, मग ज्याचा राग त्यालाच हळू सांगायचं. तिसऱ्या कलमाला पोरं हटकून पळ काढायची.

पोरीनं डोळे मिटले आणि भोंगा सोडला. नेमकी तेव्हाच वीज गेली.

"...माझं पांघरूणसुद्धा त्याला दिलंस! विचारलंस का मला?"

गिरणी गप्प. रांग गप्प. आणि रांगेत डबा घेऊन आई!

"चारचौघांत अब्रू घालवलीस, कार्टे!" आईचा हात वर गेला.

मावशी पिठाचं सुपडं घेऊन मध्ये आली. "हात खाली घे ताई. दोन महिन्यांनी पोरीला वाचा फुटली. चावण्यापेक्षा बरं की नाही?" मग पोरीला म्हणाली, "पाणी पी. आता तेच हळू सांग."

पोरगी डब्यांमागे दडली होती. तांब्यातलं थोडं पाणी पिऊन, थोडं फ्रॉकवर सांडून ती बाहेर आली. "ते पांघरूण माझं होतं. विचारायचंस तरी."

आईचा हात हवेतच ओशाळला. "चुकलंच माझं," ती पुटपुटली. "दोन महिने डोळ्याला डोळा नाही गं. विचारायचं सुचतंय कुठं!"

वीज आली. गिरणी घरघरली. आईनं मागेपुढे पाहिलं, गिरणीला तोंड केलं आणि आ वासला. काय ओरडली ते गिरणीच्या दगडांनाच ठाऊक. पोरगी तांब्या धरून शेजारी उभी होती.

"अर्धंच पाणी उरलंय, दोघींत पुरवा," म्हणत मावशीनं पुढचा डबा ओढला. "हे गहू कुणाचे? बारीक की जाड?"