दुसरा बैल

गेनाने जन्मभर गोठ्यात एकच बैल ठेवला. ऐपत नव्हती असं नाही. पोरीचं लग्न त्याने थाटात केलं, घराचे पत्रे जाऊन स्लॅब आला, पण दाव्याला बैल एकच, शेवटचा ढवळ्या. लोक चिडवायचे, "गेना, दुसरा कवा आणतो?" तो तंबाखू मळत म्हणायचा, "हाय की. नदीपल्याड बांदलाय."

नदीपल्याडचा बैल म्हादूचा, मोऱ्या. आमच्या मावळात सावडीची रीत जुनी. ज्याच्याकडे एक बैल, त्याने दुसऱ्या एक बैलवाल्याशी जोडी जमवायची. आज याच्या खाचरात चिखलणी, उद्या त्याच्या. इतरांच्या सावडी दोन-चार हंगाम टिकायच्या, मग कुरबूर व्हायची. या दोघांची तरणेपणी जमली ती केस पिकले तरी सुटली नाही.

मी शाळेत गेलो तो मारूनमुटकून, चौथीपर्यंत. पण डोळे मला चांगले आहेत, आणि माझं खाचर गेनाच्या बांधाला लागून. दुपारी बैल सोडले की दोघं जांभळीखाली बसायचे. म्हादू भाकरी मोडायचा, मधला मऊ भाग गेनाला द्यायचा, कडा आपण खायचा. रोज. दोघांची लग्नं झालेली, पोरंबाळं झालेली. गाव म्हणायचं, "लय जीव हाय दोगांचा." त्यापुढचा शब्द आमच्याकडे नव्हता आणि कुणाला तो हवाही नव्हता. मला कळत होतं. मी गप्प होतो, आणि आपण गप्प राहिलो याचा मला अजून अभिमान आहे.

पोळ्याला जोडी दोन्ही दारांत जायची. आधी गेनाच्या, मग नदीवरचा साकव ओलांडून म्हादूच्या. म्हादूची बायको सोनाबाई ताटात दोन पुरणपोळ्या घेऊन दारात उभी असायची. एक ढवळ्याला, एक मोऱ्याला.

मग गेनाच्या पोराने, दत्ताने, पॉवर टिलर आणला. ढवळ्या विकला. गेनाने जेवण टाकलं. घरच्यांना वाटलं, बैलापायी. मला म्हणाला, "भाऊ, बैलाचं न्हाई वो. आता तिकडं जायाला काम काय सांगू?"

खरंच होतं. काम नसताना नदी ओलांडणारा म्हातारा सगळ्यांना दिसतो. सून विचारायची, "मामंजी, कुटं गेलता?" दत्ता विचारायचा, "सावड संपली, आता तितं काय ठेवलंय?" गेना ओट्यावर बसायला लागला, नदीकडे तोंड करून.

दत्ता मळवलीला एका बंगल्याची देखभाल करतो. म्हातारा घरात कुजतोय म्हणून त्याने बापाला तिथे झाडांना पाणी घालायला नेलं. तिथे एकदा पुण्याहून दोन पुरुष उतरले. चाळिशीचे. एकच खोली. सकाळी गेनाने चहा नेला, तर एक दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून पेपर वाचत होता, आणि गेना आला म्हणून हललासुद्धा नाही. गेनाच त्यांच्यापाशी बसला. त्यांनी सांगितलं, आम्ही जोडीदार आहोत, आता कोर्टानेही म्हटलंय की हा गुन्हा नाही.

संध्याकाळी गेना माझ्याकडे आला. "भाऊ, म्हंजी आदी गुन्ना व्हता?"

"व्हता म्हनं."

"आरं तिच्या! जन्म गेला, आन कुनी मला सांगितलंबी न्हाई!" पोट धरून हसला. मग हसू थांबलं. "त्यांच्याकडं त्याला नाव हाय, भाऊ. एक सोडून चार-चार नावं. आन त्यांना पुन्यात घर हाय. मी नाव घिऊन कुटं जाऊ? मला नाव नको. मला फकस्त नदीपल्याड काम पायजे."

पण नाव घरात शिरलंच. टीव्हीवर अशा लोकांची बातमी लागली की दत्ता चॅनेल बदलायचा, आणि बदलताना बापाकडे बघायचा. पूर्वी त्याने कधी बघितलं नव्हतं. गेना उठून गोठ्यात जाऊन उभा राहायचा. रिकाम्या गोठ्यात.

श्रावणात म्हादू गेला. गेनाने पायात चपला घातल्या. दत्ता दारात आडवा झाला. "आप्पा, तुमी कोन त्यांचे? सोयरे न्हाई, भावकी न्हाई. लोक काय काय बोलतील."

गेना उंबऱ्यातच बसला. मी एकटा मातीला जाऊन आलो. सोनाबाईने माझ्या हातात मोऱ्याचं दावं दिलं. म्हणाली, "पोरं विकत्याल. ह्याला पल्याड न्या. गेनाभावजी समजत्याल."

पोळ्याला गेनाने मोऱ्याला धुतलं, शिंगं रंगवली, माळ्यावरून जू काढलं. एक बाजू मोऱ्याच्या मानेवर ठेवली. दुसरी आपल्या खांद्यावर घेतली. आणि निघाला. मी शेजारून चाललो.

चावडीपाशी पोरं हसली. "गेनूआबा, तुमीच जुंपून घेतलं व्हय?"

"व्हय," गेना म्हणाला. "दुसरं कोन हाय?"

दत्ता हाका मारत साकवापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

सोनाबाई दारात आली. तिच्या सुतकाच्या घरात पोळा नव्हता, ओवाळणी नव्हती. आमच्याकडे बघून ती आत गेली आणि भाकरी घेऊन आली. मोडली. कड मोऱ्याला दिली. मधला भाग गेनाच्या हातावर ठेवला.

"खावा," म्हणाली. "त्यांनी कड खाल्ली त्ये मी बी बघत व्हते."

गेनाने उभ्याने खाल्ली, जू खांद्यावर तसंच. त्यानंतर तो नदी ओलांडून गेला नाही. दत्ताने मोऱ्या विकला. भात कापणीला यायच्या आधी गेना गेला.

दत्ता म्हणाला, "जू चुलीत घालतो." मी म्हणालो, "हात लावशील तर बघ." ते माझ्या पडवीत टांगलंय. येणारा-जाणारा विचारतो, कुणाचं. मी सांगतो, गेना-म्हादूचं. कुणी म्हणतं, म्हणजे भाऊ-भाऊ का? मी म्हणतो, नाही. एवढंच म्हणतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत राहतो.