न रगडलेले हात

आमच्या घरातल्या सगळ्या मुलींचे हात गुळगुळीत होते, एक माझे सोडून. माझ्या हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत काळी, दाट लव. शाळेत पोरं मला अस्वल म्हणायची आणि मीही काही कमी नव्हते, म्हणणाऱ्याला खरोखर ओरबाडायची. आंधळगावात आमच्या ओसरीवर बसायला आलेल्या प्रत्येक बाईचं निदान मात्र ठरलेलं. "हिले लहानपणी रगडलं नाई ना, म्हणून."

आमच्याकडे बाळ जन्मलं की आंघोळीआधी बेसन, हळद आणि दुधाची साय कालवून केलेला गोळा त्याच्या अंगावर फिरवतात. त्यानं जन्माची लव निघून जाते असं सगळ्यांना वाटतं. माझ्या चुलत बहिणींना रगडलं होतं, मला नाही. "काहून नाई रगडलं मले?" असं आईला किती वेळा विचारलं असेल. ती तांदूळ निवडत असली तर निवडतच राहायची. फारच मागे लागले तर म्हणायची, "राहून गेलं."

आंघोळ घालतानाही ती माझं अंग कधी चोळत नसे. लांबूनच पाणी ओतायची आणि साबण माझ्या हातात द्यायची. ताप आला की मात्र उशाशी बसायची आणि सारखा कपाळाला हात लावायची, इतका की मी वैतागून तो झटकायची. एरवी जवळ घेणं नाही, कुरवाळणं नाही. मी आईला नकोशी आहे हे मी फार लहानपणीच पक्कं करून टाकलं होतं.

माझं लग्न ठरलं. मुलगा वरठीला कारखान्यात होता. साखरपुड्याला सगळ्यांच्या नजरा बांगड्या भरलेल्या हातांवर जाणार, म्हणून मोठाईनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूनं, मला मोहाडीच्या पार्लरमध्ये नेलं. तिथल्या बाईनं हात उलटसुलट करून पाहिले आणि परत पाठवलं. मी घरी रेझर फिरवून बसले होते. "तांदळाच्या दाण्याएवढे तरी वाढू द्या, नाहीतर वॅक्स पकडणार नाई," ती म्हणाली. आदल्या दिवशी खरबरीत रुमालानं हात घासायचे, तेल-क्रीम लावायचं नाही, सैल बाह्यांचा ड्रेस घालून यायचं, हेही तिनंच सांगितलं.

मग मी केस वाढायची वाट पाहत बसले. आयुष्यभर ज्यांचा राग केला त्यांना रोज उजेडात धरून मापायचं, याचं मलाच हसू यायचं. आई लांबून बघायची.

"कायले पाहिजे हे?" ती एकदा म्हणाली. "हायेत तसे राहू दे."

मी भडकले. "तू तवाच रगडलं असतं, त मले हे करा लागलं असतं का?"

ती उठून मागच्या अंगणात गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पार्लरमध्ये बाईनं आधी मनगटापाशी थोडंसं वॅक्स लावून पाहिलं. मग लाकडी पट्टीनं कोमट, चिकट थर पसरायचा, वर कापड दाबायचं आणि उलट्या दिशेनं फर्रकन ओढायचं. डोळ्यांतून पाणी आलं. सगळं झाल्यावर हात परक्या बाईचे वाटत होते, लालबुंद आणि बारीक पुरळानं भरलेले. "आज गरम पाणी नको, साबण नको, ऊन नको. उद्या सकाळी बघा," ती म्हणाली.

घरी आले तेव्हा आई अंगणात वाळत घातलेलं धान पायानं वर-खाली करत होती. तिनं माझे हात पाहिले आणि थांबली. मग जवळ येऊन कपाळाला हात लावला. हातांना नाही, कपाळाला.

"ताप हाये का?"

"ताप कायचा? वॅक्सिंग केलं."

तिला ते ऐकूच गेलं नाही. तिनं मला आत निजवलं. ओल्या फडक्याच्या घड्या हातांवर ठेवल्या. पंखा लावू देईना. थोड्या थोड्या वेळानं कपाळ बघायची, मग मान, मग माझ्या नाकाशी बोटं धरायची. दिवेलागणीला वाकून, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात तिनं विचारलं, "दूध पेतं का, बाई?"

तो आवाज माझ्यासाठी नव्हता.

मी स्वयंपाकघरात मोठाईला गाठलं. ती चुलीकडे तोंड करूनच बोलली. "तुह्या आधी एक झाली होती. नाव ठेवाच्या आधीच गेली. दाईनं रगडलं, अंग लाल-लाल झालं, सांजेले ताप भरला, दूध सोडलं. डॉक्टर म्हणे न्यूमोनिया होता, रगडल्यानं काई नाई झालं. पण तुह्या मायनं आयकलं नाई. तू झाली, त तुले कोनाले हात लावू देल्ला नाई. सासूशी भांडली. सोतालेही भेत होती."

माझ्याआधी एक मुलगी होऊन गेली एवढं मला माहीत होतं. ती माझ्या हातांवर वाढत होती, हे माहीत नव्हतं.

सकाळी लाली उतरली. आई शेजारी येऊन बसली. तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंत तळवा फिरवला. परत फिरवला. मग डोळे मिटले.

"असीच होती," ती म्हणाली.

मी हललेसुद्धा नाही. त्या स्पर्शासाठी मी जन्मभर भांडले होते आणि मिळाला तेव्हा तो दुसरीचा होता. राग आला? आला. काही दिवसांच्या बाळाचा हेवा वाटला. तरी हात मागे घेतला नाही.

लग्नानंतरही मी वॅक्सिंग करत राहिले. पण घरी परतल्यावर हात लाल असेपर्यंत अधूनमधून माझीच बोटं माझ्या कपाळाकडे जातात.

यंदा माहेरी बाळंत झाले. मुलगी. कपाळावर, पाठीवर, दंडांवर काळीभोर लव. आंघोळ घालणारी बाई परातीत बेसनाचा गोळा करून बसली होती. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

"नको," मी बाईला म्हटलं. "नुसतं पाणी टाका."

"बाप्पा! मोठी झाली म्हंजे पोरगी भांडन तुह्याशी," बाई म्हणाली.

"भांडू दे," मी म्हटलं.

आई आत आली, खाली बसली आणि बाळाच्या पाठीवर तिनं हात ठेवला.