बोहल्यावर न चढलेले लॉर्ड

फोन शेजारच्या रूथचा होता. "अ‍ॅलिस्टर गेला... आणि ती पदवीही गेली एकदाची," एवढंच म्हणाली. अमेरिकेत सनीव्हेलमधले आमचे हे तापट शेजारी, माझ्या मुलांचे अ‍ॅलीकाका, स्कॉटलंडच्या एका जुन्या घराण्याचे शेवटचे लॉर्ड होते.

हे आम्हाला कळलं ते आमच्याच आगाऊपणामुळे. काकांनी ऐंशी पार केली तेव्हा मी घाट घातला, की आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाला लावतात तसं काका आणि रूथचं पुन्हा लग्न लावायचं. "सरप्राइज देऊ यार, मजा येईल," नवरा म्हणाला. बॅकयार्डात पाट मांडले, अंतरपाट धरला. मुंडावळ्या बांधताना रूथ पांढरीफटक पडली. मला वाटलं, लाजतेय. काकांच्या कपाळाला दोरा लागतो न लागतो तोच त्यांनी तो हिसडून तोडला, अंतरपाट टराटरा फाडला आणि टेबलावरचे ग्लास, केक, समई, सगळं हातातल्या काठीनं झोडपून काढलं. काच उडून नवऱ्याच्या गालातून रक्त आलं. मग मीही भडकले. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"पुन्हा कसलं लग्न?" ते म्हणाले. "पहिलंच केलेलं नाही!"

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात वारस चाबकानं घडवत. थोरला भाऊ वारस, म्हणून मार त्याला जास्त. एकदा तबेल्यात वडिलांनी त्याला इतकं मारलं, की तो उठलाच नाही. घोड्यावरून पडला, असं गावाला सांगितलं. त्याच संध्याकाळी रक्तानं माखलेला चाबूक यांच्यापुढे धरून वडील म्हणाले, "आता वारस तू."

हे अमेरिकेला पळाले, तरी वडील गेल्यावर पदवी त्यांना चिकटलीच. फक्त मुलग्यांकडे जाणारी. "नाकारायची ना," नवरा गालाला रुमाल दाबून म्हणाला. "मी नाकारली तरी माझ्यामागे ती मुलाकडे जाणारच." लग्नाशिवाय झालेल्या मुलाला मात्र ती मिळत नाही; पण आईबापांनी नंतर कधी लग्न केलं, तर तिकडच्या कायद्यानं तोही वारस ठरतो. म्हणून रूथ आयुष्यभर बिनलग्नाची राहिली, आणि त्यांचा मुलगा डॅनियल, आईशी लग्न केलं नाही म्हणून, बापाचा तिरस्कार करत राहिला. त्याला खरं सांगायचं नाही, अशी काकांनी तिला शपथ घातली होती. माझा तर जीव तुटला त्या बाईसाठी.

काका गेल्यावर रूथनं ती शपथ मोडली. डॅनियल तेव्हा जर्सी सिटीहून आला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला त्यांच्या गॅरेजमध्ये नेलं. राग आला की काका तिथे जाऊन आतून कडी लावत. डॅनियलनं कपाट सरकवलं... मागची भिंत मुठीएवढ्या खड्ड्यांनी भरलेली होती, काहींच्या कडेला काळं पडलेलं रक्त. "मला वाटायचं, त्याला माझं तोंड बघायचं नाही म्हणून तो इथे येतो," डॅनियल म्हणाला. "माझ्यावर त्यानं कधीच हात उचलला नाही."

गेल्या आठवड्यात घर विकणारा एजंट आला. गॅरेजमधल्या त्या भिंतीकडे बघून हसला आणि म्हणाला, "कोण राक्षस राहत होता इथे?" डॅनियलनं त्याची कॉलर धरली, मूठ वर गेली. मी किंचाळले. पण मूठ तशीच हवेत राहिली. मग त्यानं एजंटला आणि मला बाहेर काढलं, आणि आतून कडी लावून घेतली.